‘३२०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही’ हा मेसेज नवी मुंबईत लागू नाही

आमच्या नेरुळच्या रो-हाऊसच्या ग्रुपवर पाऊस तोंडावर आला की एक मेसेज हमखास फिरतो. मागच्या अंगणात शेड टाकायची घाई प्रत्येकालाच असते, त्यामुळे तो खराही वाटतो. त्यात चार गोष्टी सांगितलेल्या असतात. सरकारने ३२०० चौरस फुटांपर्यंत बांधकाम परवानगी रद्द केली आहे. पत्र्याची शेड हे बांधकामच नव्हे. घरपट्टी लागली की शेड अधिकृत होते. आणि अर्ज टाकून साठ दिवस थांबलं की परवानगी आपोआप मिळते. यावर भरवसा ठेवून लोक लाखभर रुपये फॅब्रिकेशनवाल्याच्या हातात ठेवतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

३२०० हा आकडा हवेतून आलेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने ग्रामीण भागासाठी सवलत जाहीर केली होती. साधारण १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायचं तर ग्रामपंचायतीकडे कागदपत्रं आणि शुल्क भरायचं, ३२०० पर्यंत ग्रामपंचायतीनेच परवानगी द्यायची. म्हणजे तिथेही मालकीचे कागद, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतंच. ठाणे आणि नवी मुंबई या महानगरपालिका आहेत. इथे डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिने छोट्या भूखंडांची प्रक्रिया सोपी केली, पण प्रक्रिया सोपी झाली म्हणजे नियम उठले असं नाही.

आता पत्र्याची शेड. ‘भिंत नाही, स्लॅब नाही, नुसते अँगल आणि पत्रे, मग बांधकाम कसलं?’ हा प्रश्न मला चार जणांनी तरी विचारला असेल. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये ‘इमारत’ या शब्दाची व्याख्या दिली आहे, ती एकदा शांतपणे वाचा. घर, आउटहाऊस, तबेला, शेड, झोपडी हे सगळं तीत येतं, मग ते विटांचं असो, लाकडाचं, मातीचं, धातूचं किंवा आणखी कशाचंही. त्यात कोणी राहतं की नाही, यानेही फरक पडत नाही. ‘शेड’ हा शब्दच कायद्यात आहे.

मागची मोकळी जागा, म्हणजे नकाशातलं सामासिक अंतर, ही शिल्लक राहिलेली जागा नसते. उजेड, वारा, आगीच्या वेळी वाट आणि ड्रेनेज यासाठी ती सोडलेली असते. गेल्या जुलैत आमच्या रांगेत एका घराने ड्रेनेजच्या चेंबरवर लादी बसवून वर शेड टाकली होती. आत वॉशिंग मशीन, लोखंडी रॅक, जुनी सायकल. मोठा पाऊस झाला आणि शेजारच्या तीन घरांच्या मोरीतून पाणी उलटं वर आलं. सफाईला आलेला माणूस त्या कमी उंचीच्या शेडमध्ये वाकून, हातोड्याने लादी फोडत बसला होता. चेंबरचं झाकण सापडायलाच तास गेला. तिसऱ्या घरातल्या आजी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

अंगणात काहीच करता येत नाही, असंही नाही. विहीर, रोपवाटिका, झाडाभोवतीचा पार, बाक, झोपाळा अशा गोष्टींना नियमावली मोकळ्या जागेत मुभा देते. फक्त पावसाळ्यापुरत्या आडोशाचीही तरतूद आहे, पण तात्पुरती परवानगी घेऊन आणि मुदत संपल्यावर काढण्याच्या अटीवर. आपल्याकडचे ‘पावसाळी’ पत्रे दिवाळीनंतरही जागचे हलत नाहीत, खरी अडचण तिथे आहे.

घरपट्टीचा मुद्दा लवकर संपतो. त्याच अधिनियमाचं कलम २६७-अ अनधिकृत बांधकामावर दंड म्हणून शास्ती लावतं, आणि कर किंवा शास्ती वसूल केली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही, हेही तिथेच म्हटलं आहे. पावती हा पैसे भरल्याचा पुरावा आहे, परवानगीचा नाही.

साठ दिवसांची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती जास्त फसवते. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४५ मध्ये मानीव परवानगीची, म्हणजे मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद आहे, पण ती नियमांत बसणाऱ्या प्रस्तावापुरती. सामासिक अंतरातल्या शेडचा अर्ज साठ दिवस पडून राहिला, तरी तेवढ्याने शेड नियमात बसत नाही. विनापरवानगी बांधकामाला याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये कैदेची तरतूद आहे.

नवी मुंबईत आणखी एक पदर आहे. सिडको या नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या घरांखालची जमीन बहुतेक ठिकाणी भाडेपट्ट्याने दिलेली आहे, त्यामुळे नगररचना विभागात जाण्याआधी भाडेपट्ट्याचा करारही काढून वाचा. ठाण्यात येऊरसारख्या ठिकाणी राष्ट्रीय उद्यानाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध वेगळे आहेत.

मी स्वतः मंजूर नकाशाची प्रत काढली आणि टेप घेऊन मागची भिंत ते कुंपण मोजलं. शेड टाकली असती तर नकाशातलं अंतर राहत नव्हतं. जुनं कपाट जिन्याखाली सरकवलं, आणि चेंबरचं झाकण उघडता येईल एवढी जागा सोडून त्या बाजूला कढीपत्ता लावला.