अरे, ती वाळू मोकळी नाहीये!

घातलं पुन्हा पोकलेन गिरणा नदीच्या पात्रात! आणि कधी, तर ऐन चैत्रात, पाखरं अंड्यांवर बसलेली असताना. पूर येऊन गेला भाद्रपदात. आख्खा हिवाळा गेला, एका माणसाला नदीची आठवण झाली नाही. आता यात्रा तोंडावर आली तसा सगळ्यांना साक्षात्कार झाला, की पुरानं पात्र उंचसखल झालंय, सपाट करून घ्या, पाळण्यांना अन् गाड्यांना जागा होईल.

ज्या बेटावर मशीन चढवलं त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी होतं. म्हणून तर पाखरांनी ते निवडलं होतं, कुत्री-कोल्ही तिथं पोचत नाहीत. यांनी आधी धारेत सिमेंटच्या नळ्या टाकल्या, वर मुरूम लोटला, डंपरला रस्ता केला. त्याच संध्याकाळी गावातली कुत्री बेटावर फिरत होती.

बेटाच्या टोकाला कंठेरी चिखल्याचं घरटं होतं. वाळूत अंग घासून केलेला वाटीएवढा खळगा, त्यात बारीक खडे, आणि चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला करून मांडलेली. रंग वाळूचाच, वर तपकिरी ठिपके. हातभर अंतरावरून दिसत नाहीत. मशीन जवळ आलं तसं ते एवढंसं पाखरू पंख मोडल्याचं सोंग करून बकेटसमोर लोळायला लागलं. कोल्हा असता तर त्याच्यामागे गेला असता. बकेट सरळ पुढे आली.

मी हात हलवत, ओरडत धावलो. ऑपरेटर पोरगा खाली वाकून म्हणाला, "भो, आठे त नुस्ती वाळू शे!" त्याच्यावर राग नाही माझा. त्याला जे दाखवलं ते तो खोदतो, तासावर पैसे घेतो. राग आहे तो काठावर गाडीच्या सावलीत उभं राहून "जाऊ द्या हो भाऊ, चार अंड्यांसाठी यात्रा थांबवायची का?" म्हणणाऱ्या माणसावर. यात्रा थांबवा असं म्हणालं कोण? काठावर पडीक रान आहे, तिथं लावा की पाळणे! आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं येतं. हे सांगितलं तर हसला. दुपारपर्यंत बेट खळ्यासारखं सपाट.

पुरानं नदी खराब होते हे डोक्यात भरवलं कोणी? पूरच तर बेशरमाची झुडपं अन् वेडी बाभूळ उपटून नेतो, नवी वाळू आणून पसरतो, उंचवटे करतो, ओंडके टाकून जातो. चिखल्या, आर्ली, नदीसुरय या पाखरांना हीच उघडी वाळू लागते. पिल्लं त्या ओंडक्यांच्या सावलीत दडतात, ओल्या कडेचे किडे खाऊन मोठी होतात. अमेरिकेत २०१२ साली सँडी वादळानं न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर वाळू आत ढकलली, झाडोरा गाडला, आणि पुढच्या वर्षांत पायपिंग प्लोव्हर नावाच्या चिखल्याच्याच भाऊबंदानं नेमक्या त्या वाळूवर घरटी केली. जिथं वादळानंतर बुलडोझर फिरवून किनारा सरळ केला जातो, तिथं ती जागाच उरत नाही. समुद्र असो की गिरणा, खेळ तोच.

आणि वाळूवाले! पावसाळ्यात उपसा बंद, ठीक. पण तो जोमात चालतो कधी? फाल्गुन ते वैशाख, म्हणजे नेमका विणीचा हंगाम. रात्री ट्रॅक्टर उतरतात. चिखल्याची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांत पळायला लागतात, पण उडायला साडेतीन आठवडे लागतात. तोवर धोका दिसला की जिथं आहेत तिथं दबून बसतात, आणि बसायला त्यांना चाकोरीच सापडते. पुढचा ट्रॅक्टर त्याच चाकोरीतून येतो.

त्यातून वाचली तर वरून धरणाच्या पाण्याचं आवर्तन सुटतं. शेतीला पाणी हवं, प्यायला हवं, मला कळतं, मीही इथलाच. पण आदल्या दिवशी थोडं सोडून मग वाढवता येत नाही? रविवारी चारचाकी पात्रात घालून, गाणी लावून रील काढणारे वेगळेच. ४४-४५ अंशांत जी सुरय पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते अन् अंडी गार ठेवते, तिला तुम्ही तासभर उठवून ठेवलं तर अंडी जागेवर शिजतात, कळतंय का? नदीसुरय जगभर संकटात आहे, काळ्या पोटाची सुरय तर त्याहून जास्त. आणि आपल्याला ड्रोन उडवायचाय!

मशीन आता वरच्या अंगाला सरकतंय. तिकडे आर्लींची आख्खी वसाहत आहे, कालच पाहून आलोय. उद्या सकाळी सहाला मी पुलाखाली असणार आहे, काम थांबवा म्हणून दिलेल्या अर्जाची पोच आणि अंड्यांचे फोटो घेऊन. ज्यांना यायचंय त्यांनी या, आणि वाळूत बघून पाय टाका.