मुंबई बघायचीय म्हणे!

गावाहून पाहुणे आले की पहिला प्रश्न: “शाहरुखचा मन्नत बंगला कुठाय रे?” अहो, रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून आलात ते एका बंद गेटसमोर उभं राहायला? काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आहे. १९५२पासून. फुकट! मामा बाहेरच फुटपाथवर वडापाव चावत विचारतात, “आत चित्रंच असतील ना?” नाही हो, मासळीबाजार भरतो आत! गेटवेवर मात्र दीड तास. मागे ताजचा घुमट हवा, पुढे मामांचं पोट नको. सतरा फोटो काढले तरी मामी नाखूश. आणि घारापुरी? ती यांना नेमकी सोमवारीच आठवते. लेणी सोमवारी बंद असतात, किती वेळा सांगू? काल परत फोन. “येतोय रे, सोमवारी!”