काकांना बोलू द्या

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात कोणीतरी एक जुना व्हिडिओ टाकला. पिस्तुलासारखं दिसणारं, हातात मावणारं एक यंत्र. बोलणाऱ्या माणसाकडे रोखायचं, चाप ओढायचा, की समोरचा वाक्याच्या मध्येच अडखळायला लागतो आणि थोड्या वेळात गप्प होतो. व्हिडिओखाली ओळ होती, 'वार्षिक सभेसाठी एक मागवू या, सोसायटीच्या फंडातून.' कोणावर रोखायचं हे लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मग एकाने मला टॅग केलं : 'ताई, तुम्ही जपानमध्येच आहात, येताना घेऊन या. त्या लोकांकडून शिकण्यासारखं आहे.'

मी तेव्हा काही लिहिलं नाही. आता लिहिते आहे.

ज्यांच्यावर ते यंत्र रोखायचं आहे, ते दुसऱ्या मजल्यावरचे काका. इमारत पाडून नवी बांधायची, म्हणजे पुनर्विकास, हा आमच्याकडे तीन वर्षं चाललेला विषय. तो सध्या कोथरूडमध्ये कोणत्या गल्लीत नाही? बहुमत बाजूने आहे, काका विरोधात आहेत आणि दर सभेत अर्धा-पाऊण तास बोलतात. तेच मुद्दे पुन्हा येतात, मधेच १९६१ च्या पानशेतच्या पुरावर जातात, परत येतात. लोकांना कंटाळा येतो हे मला मान्य आहे. मीही कंटाळले आहे. पण कंटाळा येणं वेगळं आणि माणसाच्या तोंडातला शब्द मोडायचं हत्यार हवंसं वाटणं वेगळं.

आधी ते यंत्र काय आहे ते नीट सांगते. कुरिहारा काझुताका आणि त्सुकादा कोजी या दोन संशोधकांनी ते केलं आणि २०१२ मध्ये त्यावर निबंध लिहिला. यंत्रात एकाच दिशेचा आवाज टिपणारा माइक असतो आणि एकाच दिशेला आवाज फेकणारा स्पीकर. तुम्ही बोलता ते टिपून यंत्र सुमारे ०.२ सेकंद उशिराने तुमच्याच कानावर परत टाकतं. आपण बोलताना नकळत स्वतःला ऐकत असतो आणि त्यावर जीभ सावरत असतो. ते ऐकणं उशिरा आलं की मेंदूचा ताळ चुकतो. हे तत्त्व १९५० च्या सुमारास माहीत झालेलं आहे. गंमत म्हणून नाही सांगत, पण हाच उशीर अडखळत बोलणाऱ्या काही लोकांना उलट सुरळीत बोलायला मदत करतो, आणि त्यासाठी तो उपचारात वापरलाही जातो. यंत्राला त्याच वर्षी इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला ते पारितोषिक देतात. आमचा ग्रुप हसण्यापाशीच थांबला.

त्या निबंधातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कागदावरचं वाचून दाखवणारा माणूस या यंत्रापुढे जास्त अडखळतो, मनातलं बोलणारा त्यामानाने कमी. आणि अर्थ नसलेला आवाज, म्हणजे कोणी नुसतं 'आऽऽऽ' करत राहिला, तर त्याला हे यंत्र थांबवू शकत नाही. शब्द मोडतात, आरडाओरडा मोडत नाही. पुण्यात ज्या आवाजाचा त्रास आहे, तो गणपतीतल्या स्पीकरच्या भिंतींचा, कर्वे रस्त्यावरच्या हॉर्नचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती मोडणाऱ्यांवर रोखायला ग्रुपवर कोणी यंत्र मागवलेलं मी पाहिलं नाही. मागवायचं ते बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी.

आणि आता ते 'जपानकडून शिका'.

मी टोकियोतल्या निशी-कासाईला अकरा वर्षं राहते. सकाळच्या तोझाई लाइनच्या मेट्रोला माणसं एकमेकांना चिकटून उभी असतात आणि डब्यात कोणी फोनवर बोलत नाही. ते मला मनापासून आवडतं. पुण्याला आले की रिक्षात, बँकेत, दवाखान्यात प्रत्येकाचा फोन स्पीकरवर चाललेला ऐकून माझं डोकं उठतं, हेही खरं आहे. पण डब्यातली ती शांतता कोणी कोणावर काही रोखून मिळवलेली नाही. प्रत्येकजण आपापलं तोंड मिटतो. ग्रुपवरच्या लोकांना दुसऱ्याचं तोंड मिटायचं आहे. या दोन गोष्टींना एकच नाव देऊ नका, निदान जपानचं तरी देऊ नका.

आमच्या इथल्या इमारतीच्या कान्री कुमिआईची, म्हणजे सोसायटीची, सभा वर्षातून एकदा होते. गेल्या वेळी लिफ्ट बदलायचा खर्च होता, दर महिन्याचा हप्ता वाढणार होता. पन्नास मिनिटांत सगळं आटोपलं. अध्यक्षांनी विचारलं, काही प्रश्न आहेत का, आणि कोणी हलला नाही. जे ठरायचं ते आधीच दारोदार ठरलेलं होतं. माझ्या दारात कोणी आलं नव्हतं. माझ्या शेजारच्या आजींना तो वाढीव हप्ता झेपणार आहे का, हे मला आजही माहीत नाही. अकरा वर्षांत त्यांचं कोणत्याही विषयावरचं मत मी ऐकलेलं नाही, आणि त्यांनी माझं. कोथरूडच्या त्या सभेत मात्र कोणाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, कोणाला तात्पुरतं भाड्याचं घर चौथ्या मजल्यावर चालणार नाही, हे सगळं कळतं. ते कळतं, कारण लोक लांबण लावतात.

पुणं हे बोलणाऱ्यांचं गाव आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती अजून चालू आहे. आणि याच गावाने आगरकरांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तीही त्यांना पाहावी लागली. कारण काय, तर ते लिहीत होते आणि बोलत होते. गप्प करायची हौस आपल्याकडे नवी नाही, त्यासाठी जपानी यंत्राची गरज कधीच पडली नाही. तरीही आगरकर थांबले नाहीत, आणि ऐकणारेही या गावात होतेच.

मी शाळेत वक्तृत्व स्पर्धांना जायचे. तिथे टेबलावर पितळी घंटा असायची. पहिला ठोका पडला की एक मिनिट उरलं, दुसरा पडला की आवरायचं. एकदा दुसरा ठोका पडला तेव्हा माझं शेवटचं वाक्य बाकी होतं. परीक्षक बाई घंटेवर हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मी ते वाक्य पुरं केलं. गुण कापले गेले असतील. पण वाक्य माझं होतं आणि ते मीच संपवलं. काकांसाठी घंटा ठेवा ना! प्रत्येकाला दहा मिनिटं ठरवा, मी पहिली हात वर करते. घंटा माणसाला सांगते की वेळ झाली. हे यंत्र त्याला सांगत काहीच नाही. ते त्याच्याच आवाजाने त्याची जीभ वळवतं, आणि बघणाऱ्यांना वाटतं की याला बोलताच येत नाही.

हे मी इतक्या रागाने का लिहिते आहे ते आता सांगायला हवं. मागची सभा ऑनलाइनही होती. पुण्यात हॉलमध्ये लॅपटॉप स्पीकरवर ठेवलेला, मी इथून जोडलेली. मला एवढंच विचारायचं होतं, की बांधकाम रखडलं आणि बिल्डरने भाडं थांबवलं, तर पेन्शनवर जगणाऱ्या चार घरांचं काय? बोलायला लागले आणि माझाच आवाज हॉलमधून फिरून माझ्या कानात परत येऊ लागला, किंचित उशिराने. 'रखडलं' म्हणताना 'बांधकाम' ऐकू यायचं. मी थांबले, परत सुरू केलं, शब्द लांबले, 'भाडं' हा शब्द तीनदा म्हटला. घशात काही नव्हतं, मनात प्रश्न स्पष्ट होता, तरी वाक्य जुळेना. पलीकडून कोणीतरी म्हणालं, 'ताईंचा आवाज नीट येत नाहीये, म्यूट करा.' मला म्यूट केलं. पडद्यावर मला सगळे दिसत होते. दुसऱ्या रांगेत एकटे काका वळून लॅपटॉपकडे पाहत राहिले.

मग हात वर करून मतदान झालं. मी पडद्यावरून बाजूने हात वर केला. प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं, तरी केला. बाबा गेल्यापासून तो फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, नवीन इमारतीत जास्त जागा मिळेल, हा हिशेब माझ्याही डोक्यात होता. तिथे राहतात काका आणि पाडायला होकार देते मी. इथे अकरा वर्षं राहून सभेत तोंड उघडत नाही आणि जिथे राहत नाही तिथल्या सभेत माझं ऐकलं गेलं नाही म्हणून आतून तुटते. कोणत्या सभेची मी खरी सभासद आहे, हे मला सांगता येत नाही.

परवा रविवारी काकांना फोन केला. इथे पाच वाजायला आले होते, तिकडे दीड, म्हणजे त्यांची जेवण उरकून पडायची वेळ. तरी उचलला. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे माझा आवाज पुन्हा मला उशिरा ऐकू येऊ लागला. म्हणून मी बोलायचं सोडलं आणि ऐकत बसले. पानशेतच्या पुरात नारायण पेठेतलं त्यांचं बिऱ्हाड वाहून गेलं होतं, हे मला आजवर माहीत नव्हतं. सभेत ते तिथपर्यंत पोचायच्या आत कोणीतरी 'मुद्द्यावर या' म्हणतं. कोथरूडचा हा फ्लॅट त्यांनी घेतला तेव्हा त्यांची आई म्हणाली होती, आता इथून हलायचं नाही.

तेवढ्यात बाहेर वस्तीतल्या भोंग्यावर रोज वाजते ती पाच वाजल्याची धून सुरू झाली.

"काय गं, तिकडे घंटा कसली वाजतेय?" काकांनी विचारलं.

"पाच वाजले, काका."

"मग? आवरू का?"

"नाही, बोला तुम्ही."