पुतळ्याने बडोदा रिकामं केलेलं नाही

बडोद्याच्या मराठी मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय : राजवाडा-म्युझियमचे दिवस संपले, पर्यटक सगळे केवडियाच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याने ओढून नेले, आणि तरुणांना इतिहास नकोच आहे. यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

राजवाड्याचे हे जुने दिवस कोणते? लक्ष्मीविलास १८९० साली बांधून झाला तो गायकवाडांना राहायला, लोकांनी तिकीट काढून बघायला नव्हे. राजघराणं आजही तिथेच राहतं. गावाकडचे पाहुणे आले की त्यांना न्यायचं ते कमाटीबागेत. बाग १८७९ची, तिथल्या म्युझियमची इमारत १८९४ची, दोन्ही सयाजीरावांच्या कारकिर्दीत लोकांसाठीच उभ्या राहिल्या. देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी दिसली की पोरं आजही आईचा हात सोडून पळतात. राजवाडा बघायला जाणं हीच त्यामानाने अलीकडची सवय आहे.

१८२ मीटरचा पुतळा २०१८मध्ये आला. पण नर्मदेचं धरण बघायला केवडियाला आपण त्याआधीही जातच होतो. आता तिथवर रेल्वे जाते, तीसुद्धा बडोद्यावरूनच. इथून केवडिया नव्वदेक किलोमीटर, वाटेत डभोईची हिरा भागोळ, म्हणजे जुनी कोरीव वेस. आलेल्या माणसाला एक दिवस इथे थांबवणं आपल्याच हातात आहे.

जुनं कोणाला नको, म्हणता? मग पावागडाला जाऊन या. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. वर कालिकामातेच्या दर्शनाला ही गर्दी, रोपवेला रांग. खाली चांपानेरात जामा मशिदीच्या कोरीव दगडासमोर निवांत उभं राहता येतं. म्हणजे जुन्याची ओढ आहेच. श्रद्धा माणसाला आपोआप वर नेते, खालच्या वास्तूंकडे मात्र कोणीतरी न्यावं लागतं.

आपल्या तांबेकर वाड्याचंही तेच. दिवाण भाऊ तांबेकरांचं हे लाकडी घर, आतल्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं : कृष्णलीला, महाभारत, आणि त्यांच्याच शेजारी इंग्रज-मराठे लढाई. देवांच्या आणि गोऱ्या शिपायांच्या एवढ्या जवळून रंगवलेल्या गोष्टी एकाच खोलीत दुसरीकडे कुठे बघायला मिळतात? पुण्या-मुंबईचे पाहुणे आपण हौसेने राजवाड्यावर नेतो, मॉलमध्येही नेतो, या वाड्यात नेत नाही. मग तरुणांना ते नको आहे, हे आपण कशावरून ठरवलं?