गुपित फुटल्यावर उरतं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही रक्तपिपासू काउंटची कादंबरी पुन्हा वाचण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "काउंट कोण ते एकदा कळलं की भिण्यासारखं काय उरतं? रिकामटेकड्यांचे उद्योग." मतभेद मांडायला समोरच्याची लायकी काढावी लागत नाही. तेवढं शेवटचं वाक्य गाळलं असतंत तर हे उत्तर मी आनंदाने लिहिलं असतं.

एक चूक तुम्ही बरोबर पकडलीत, ती मान्य. काउंटच्या छातीत खुंटी ठोकतात असं मी लिहिलं होतं; ती ठोकतात ल्युसीच्या, म्हणजे काउंटने पिशाच्च बनवलेल्या तरुणीच्या. काउंटच्या गळ्यावर तरुण वकील जोनाथन हार्करची कुकरी चालते आणि त्याच्या साथीदाराचा, मॉरिसचा, बोवी सुरा काळजात घुसतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता गुपिताबद्दल. पहिलं प्रकरण पुन्हा उघडा. काउंटच्या वाड्याकडे निघालेल्या हार्करला बोर्गो खिंडीत घ्यायला एक उंच गाडीवान येतो. टोपीखाली चेहरा झाकलेला, दिव्याच्या उजेडात दिसतात ते लालभडक ओठ आणि अणकुचीदार दात. हार्करला गाडीत चढवताना त्याची पोलादी पकड जाणवते. पुढे वाड्याच्या दारात काउंट हात मिळवतो तेव्हा तीच ताकद जाणवून हार्कर चपापतो, पण शंका झटकून आत जातो. तिसऱ्या प्रकरणात तो काउंटला स्वतः बिछाना घालताना पाहतो. वाड्यात नोकर नाहीत, म्हणजे गाडीवानही तोच होता! पहिल्या वाचनात हे आपल्याला हार्करबरोबर कळतं. दुसऱ्या वेळी तो गाडीत चढत असतानाच दंडावरचा हात कुणाचा ते आपल्याला माहीत असतं, आणि त्याला सांगायची सोय नसते. ही भीती पहिल्या वाचनात मिळूच शकत नाही.

दुसरी जागा, 19 मे. काउंट हार्करकडून तीन पत्रं आगाऊ लिहून घेतो आणि तारखा घालायला लावतो: 12, 19 आणि 29 जून. आपलं आयुष्य किती उरलं ते हार्करला तिथेच कळतं. तिकडे 24 मेला ल्युसी तिच्या मैत्रिणीला, हार्करच्या वाग्दत्त वधू मीनाला, लिहिते की एकाच दिवसात तिला तिघांनी मागणी घातली. मधे फक्त पाच दिवस, पण पुस्तकात हार्करची रोजनिशी 30 जूनपर्यंत संपवून मग मे महिन्यातली पत्रं येतात, म्हणून पहिल्यांदा हा मेळ सहज निसटतो. एका कागदावर तारखा ओळीने लिहा आणि शेजारी प्रकरण टाका. 26 जुलैपाशी थांबा. मीनाच्या हाती जोनाथनची एक ओळ पडते, घरी निघतोय एवढंच सांगणारी. हे त्याच्यासारखं नाही, असं ती नोंदवते आणि पुढच्या विषयाकडे वळते. ती ओळ त्या तीन पत्रांतलीच आहे. दोन प्रकरणांपूर्वी वाचलेलं पत्र पहिल्या वाचनात इथे किती जणांना आठवतं?

हे पुस्तक मी सात वेळा वाचलंय. तुम्ही एकदाच, असं तुम्हीच लिहिता. मग दुसऱ्या वाचनात काय मिळतं आणि काय नाही, याचा निकाल तुम्ही कशाच्या आधारावर दिलात?

पिशाच्चांचे जाणकार प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग यांची भाषणं, मधली संथ प्रकरणं वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे आवडीनिवडीचे आहेत. त्यावर मला वाद घालायचा नाही. तारखांचा कागद मात्र करून बघा, आणि मग लिहा.