लाईट बिल कमी करायचंय? मग आवाज वाढवा

मे महिन्याचं बिल हातात पडलं की घरातल्या कर्त्या माणसाला वीज बचतीचा झटका येतो, पण बचत करायची कशी हे कोणी धड सांगत नाही, म्हणून मी सांगतो. वीज वाचवायचं मुख्य साधन म्हणजे आपला घसा. संध्याकाळी घरात शिरलात की चपला काढायच्या आधी ओरडायचं, "बाथरूमचा लाईट कोणी चालू ठेवलाय? बिल काय तुझा काका भरतो का?" आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर बचत झाली असं वाटतच नाही.

आता कोणीतरी आगाऊ पोरगं हिशोब काढेल की बाबा, तो 9 वॅटचा एलईडी आहे, दोन तास चालू राहिला तरी 18 वॅट-तास, म्हणजे आपला 2000 वॅटचा गिझर जेमतेम अर्ध्या मिनिटात खातो तेवढं. त्याला लगेच अभ्यासाला बसवा. गिझरबद्दल बोलायचं नसतं. गिझर पहाटे पाचला चालू करायचा, मग चहा, मग पेपर, मग "आधी तू जा", "नाही तू जा", आणि साडेसातला पहिली आंघोळ. तोवर ते पाणी चार वेळा तापून चार वेळा निवतं, पण लाल दिवा बाथरूमच्या दाराआड असतो आणि जे दिसत नाही त्याला आपण ओरडत नाही, असा घरचा नियम आहे. आणि हो, उन्हाळ्यात टाकीचं पाणी आधीच चटका देतंय म्हणून गिझर बंद ठेवायचा वगैरे विचार मनात आणू नका, सवय मोडते.

एसीचं तर काय सांगावं. सरकारने 1 जानेवारी 2020 पासून नवीन एसी चालू होताना 24 वरच सुरू व्हावा असा नियम केला, आणि आपण तेव्हापासून इमाने इतबारे रोज रात्री सहा वेळा बटण दाबून तो 18 वर आणतो. मग थंडी वाजते म्हणून सोलापुरी चादर, तिच्यावर आजीची गोधडी, आणि वर पंखा पाचवर. 18 वर टाकलं की खोली पटापट गार होते म्हणे. साध्या एसीत कॉम्प्रेसर 18 ला काय न 24 ला काय, सारखाच जोर लावतो, फक्त 18 ला बिचारा बंद व्हायचं नाव घेत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं की एकेका डिग्रीमागे साधारण 6 टक्के वीज वाचते, पण ब्युरोला काय, त्यांना कुठे आमच्या पश्चिमेच्या भिंतीला झोपायचंय. फिल्टर धुवायचा असतो हे ऐकलं असेल तर विसरा.

पंख्याकडे वळू. जुना पंखा 75 वॅट खातो, नवीन बीएलडीसी (म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा त्याच वाऱ्याला 30 च्या आसपास, दिवसाला पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे अर्ध्या युनिटहून जास्त फरक. पण लग्नातला पंखा आहे, अजून गरगरतोय, आणि नवीन घ्यायचा म्हणजे खर्च! खर्च टाळणे म्हणजेच बचत, हे पाठ करा.

बेडरूममधला झिरोचा बल्ब मात्र जपा. झिरो म्हणजे झिरोच वीज, नाव काय उगाच ठेवलंय? (जुना तारेचा असेल तर 15 वॅट खातो, म्हणजे त्या बाथरूमच्या एलईडीपेक्षा जास्त, पण हे पोरासमोर बोलू नका.)

फ्रिजचं दार उघडून उभं राहणं ही आपल्याकडची जुनी साधना आहे, ती सोडू नका. काय घ्यायचंय ते आठवेपर्यंत उभं राहायचं, कोथिंबिरीची जुडी उचलून परत ठेवायची, दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात सुटलंय आणि त्यात काळी बुरशी बसलीय ते बोटाने दाबून बघायचं, बोट पुसायचं, आणि काही न घेता दार लावायचं. ते नीट लागत नाहीच. गरम आमटीचं पातेलं सरळ आत सरकवा, आणि फ्रिज भिंतीला इतका चिकटवा की मागे झुरळालासुद्धा वारा लागू नये. टीव्ही रिमोटने बंद केला की झालं, खालचा सेट-टॉप बॉक्स रात्रभर हाताला कोमट लागतो तो त्याचा स्वभाव.

एवढं सगळं करूनही बिल 300 युनिटच्या पुढे गेलं, म्हणजे वरचं प्रत्येक युनिट पुढच्या महागड्या स्लॅबमध्ये, तर खचू नका. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क यातलं काहीही न वाचता फक्त तळाचा आकडा बघा, शेजाऱ्यांना विचारा "तुमचं किती आलं?", त्यांचं कमी असेल तर ते दिवसभर घरी नसतात असं म्हणा, आणि मग जाहीर करा की आपलं मीटरच पळतंय. आता तर स्मार्ट मीटर आलेत, त्यामुळे हे पटवायला वेळही लागत नाही. लगेच तक्रार अर्ज लिहायला बसा. लिहिताना एसी 18 वर असू द्या, डोकं शांत राहतं.