१ स्टार रिव्ह्यूला उत्तर : हॉस्पिटलचे व्हॉइस बॅज आणि तुमचं वाय-फाय

नमस्कार मॅडम. रिव्ह्यू वाचला. १ स्टार, आणि लिहिलंय की आम्ही दिलेला गळ्यातला बोलायचा बॅज एक्स-रेजवळ गेलं की बंद पडतो, दुपारी जेवणाच्या वेळेला आवाज तुटतो, नाव घेतलं की भलत्यालाच कॉल लावतो, बॅटरी शिफ्टभर टिकत नाही, "यापेक्षा वॉट्सअॅप ग्रुप बरा, पैसे पाण्यात". हॉस्पिटलचं नाव मी इथं घेत नाही, पण सोलापुरातले बाकीचे हॉस्पिटलवाले पण हे वाचून मला विचारणार, म्हणून उत्तर इथंच देतो, जरा लांबेल.

बॅजला स्वतःची अक्कल फार नसते ओ. सिस्टर बटण दाबून बोलली की आवाज वाय-फायवरून सर्व्हरला जातो, सर्व्हर नाव ओळखतो आणि त्या माणसाच्या बॅजला कॉल जोडतो. आत सिम नाही, टॉवरचा संबंध नाही. म्हणूनच कोटेशनमध्ये पहिली लाइन साइट सर्व्हेची, म्हणजे कुठं किती सिग्नल पोचतो ते फिरून मोजायची होती, आणि तीच तुमच्या परचेसनं कापली, "वाय-फाय आहे की सगळीकडं" म्हणून. आहे, रील बघण्यापुरतं आहे. वॉट्सअॅपचा मेसेज २ सेकंद उशिरा गेला तर कुणाला कळत पण नाही, बोलताना मात्र आवाज एका बाजूनं साधारण १५० मिलीसेकंदांत पोचला पाहिजे नाहीतर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत बसतात. त्यासाठी सिग्नल मायनस ६७ डीबीएमपेक्षा (हे सिग्नलची ताकद मोजायचं माप) कमकुवत होऊ द्यायचा नसतो, आणि सिस्टर कॅज्युअल्टीतून आयसीयूकडं पळत निघाली तर कॉल न तुटता एका अॅक्सेस पॉइंटवरून (वाय-फाय सोडणारा डबा) दुसऱ्यावर गेला पाहिजे. तुमच्याकडं प्रत्येक मजल्यावर घरगुती राउटर, प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. कॉल जाणार कसा?

एक्स-रेचं म्हणाल तर तिथं रेडिएशन बाहेर येऊ नये म्हणून एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, नियमानं भिंत जाड आणि दाराला शिशाचा पत्रा. तो पत्रा वाय-फायला पण वाट देत नाही. अशा ठिकाणी आत वेगळा अॅक्सेस पॉइंट लागतोच, सीटी आणि कॅथलॅबला पण तेच. एमआरआयच्या खोलीत मात्र बॅज न्यायचाच नाही, तिथं सिग्नलचा नाही चुंबकाचा प्रश्न आहे, हे स्टाफला प्लीज परत एकदा सांगा.

आणि जेवणाच्या वेळेचं वाचून मला लगेच तुमची पॅन्ट्री आठवली. मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, तुमचे राउटर फक्त २.४ वाले. सगळ्यांचे डबे एकाच वेळी गरम व्हायला लागले की त्या कोपऱ्यातला आवाज फाटणारच. बॅज ५ गिगाहर्ट्झवर पण चालतो, राउटरला ते नाही. त्यात भेटायच्या वेळेत अक्कलकोट, इंडी, तुळजापूरकडनं आलेले पेशंटचे नातेवाईक त्याच वाय-फायवर, पासवर्ड रिसेप्शनच्या भिंतीवर चिकटवलेला. स्टाफच्या व्हॉइसला वेगळं नेटवर्क पाहिजे आणि त्याला पहिला नंबर पाहिजे, हे सेटिंगचं काम आहे, पण साधा राउटर ते करत नाही.

नावाच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते मी गोड करून सांगत नाही. सिस्टीम इंग्लिश कमांडवर चालते, आणि आपल्या गावात एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळी नावं. बिराजदार, म्हेत्रे, बोल्ली, कोंडा, वर तीन-तीन पाटील. डिरेक्टरीत एका नावाचे दोन-तीन उच्चार घालून ठेवले की बरंच सुधारतं, पण शंभर टक्के होत नाही. म्हणून मी ट्रेनिंगला डोकं खात होतो की नाव घेऊच नका, "ड्यूटी आरएमओ" (ड्यूटीवरचा डॉक्टर) म्हणा, "आयसीयू इन्चार्ज" म्हणा. शिफ्ट सुरू होताना ज्यानं त्यानं बॅजवर आपली ड्यूटी सांगायची, मग आज रात्री कोण आहे हे सिस्टरला माहीत नसलं तरी कॉल बरोबर माणसाला जातो. खरा फायदा हाच आहे. नाइटचा स्टाफ त्या ट्रेनिंगला आलाच नव्हता आणि तुमची नावाची तक्रार सगळी नाइटचीच आहे.

बॅटरी तीन शिफ्ट एकावर चालत नाही, बदलायची असते, म्हणूनच जास्तीच्या बॅटऱ्या आणि चार्जर दिलेत. आमचा पोरगा परवा आला तेव्हा चार्जरचा प्लग काढून तिथं कुणाचा तरी मोबाईल लावलेला होता. त्याच्यावर मी काय बोलू! लाइट गेली की पण बघा, जनरेटर लगेच चालू होतो, पण नेटवर्कचा स्विच आणि राउटर यूपीएसवर नसतील तर ते परत उठेपर्यंत काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ सगळे बॅज आउट. मे महिन्यात हे किती वेळा होतं तुम्हीच मोजा.

वॉट्सअॅप वाईट नाही, मी पण वापरतो. पण सिस्टरच्या दोन्ही हातांत ग्लोव्हज असताना, पेशंटला धरलेलं असताना ती टाइप कशी करणार, आणि पेशंटचे रिपोर्ट सगळ्यांच्या पर्सनल मोबाईलमध्ये फिरतात ते वेगळंच, २०२३ चा डेटा प्रोटेक्शन कायदा वकिलाला एकदा विचारून घ्या. अर्थात बॅजचा स्पीकर पण वॉर्डात ऐकू जातो, म्हणून त्यावर पेशंटचं नाव आणि आजार बोलायचा नाही, बेड नंबर बोलायचा. आणि हे खूळ काही मी होटगी रोडवर बसून काढलेलं नाही, अमेरिकेत व्होसेरा कंपनी विशीच्या आसपास वर्षं असे बॅज विकत होती, २०२२ मध्ये ती स्ट्रायकरनं घेतली, हो तेच, गुडघ्याच्या इम्प्लांटवाले.

आता कामाचं. सर्व्हे मी करून देतो, त्याचे पैसे नकोत. अॅक्सेस पॉइंट आणि यूपीएसचा खर्च तुमचा, तो मी करू शकत नाही. आधी फक्त आयसीयू, कॅज्युअल्टी आणि ओटी करू, बाकी मजल्यांचे बॅज तोपर्यंत आमच्याकडं जमा करा, त्यांचं बिल थांबवतो. नाइट स्टाफचं ट्रेनिंग रात्री ९ नंतर ठेवा, मी स्वतः येतो. तुमच्या आयटीच्या मुलाला सोमवारी ऑफिसला फोन करायला सांगा.